एक सूत

आबा,

पदक तुमच्या फोटोला अडकवलं होतं, ते ताईने काल काढायला लावलं. मायने अडकवलं होतं, मी नाही. आम्ही दोघी परदेशातून आल्या आल्या, आमचे पाय धुऊन व्हायच्या आधी तिने ते फोटोच्या हाराशेजारी टांगलं आणि लांब उभं राहून म्हणाली, "आबाना फोटोले कसं शोभस, देख." तीन आठवडे ते तिथे होतं. येणारा-जाणारा आधी पदक बघायचा, मग तुम्हाला, मग ताईला. काल सकाळी मी ताईला चहा पाजत होते, तेव्हा ती फोटोकडे बघून म्हणाली, "काढ ते." माय चुलीपुढून उठून आली. कशाला काढायचं, म्हणून विचारू लागली. ताई फोटोकडेच बघत राहिली. मग मीच म्हटलं, "खिया ढिला शे व माय, पडी जाई." माय परत भाकरी थापायला गेली. तो खिळा कॅलेंडरसाठी तुम्हीच ठोकलेला आहे. पंधरा वर्षांत तो जागचा हललेला नाही.

तुम्हाला हे सगळं पहिल्यापासून सांगायला हवं. तुम्ही गेलात तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि अशा खेळाचं नाव आपल्या घरात कोणाला माहीत नव्हतं. त्याला बोचिया म्हणतात. खेळ तुम्हाला माहीत आहे, नाव तेवढं नवीन. केळीच्या शेतातला फुटका पाइप तुम्ही करवतीने उभा चिरलात, कडा कानसीने घासून गुळगुळीत केल्यात आणि ओट्यावर दोन विटांवर टेकवलात, तोच हा खेळ. ताईच्या हातात काही धरता येत नव्हतं, पण मान तिच्या ताब्यात होती. पाइपाच्या वरच्या टोकाशी चेंडू ठेवायचा, ताईने कपाळाने तो ढकलायचा, आणि अंगणात आधीच टाकलेल्या पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचा. चेंडू मायने शिवले होते, जुन्या लुगड्याच्या कापडाचे, आत सरकी भरून. सरकीमुळे ते उसळायचे नाहीत, जिथे पडतील तिथे बसून राहायचे. चार वर्षांपूर्वी नंदुरबारला चाकाच्या खुर्च्यांची मापं घ्यायचं शिबिर होतं. तिथल्या एका बाईंनी मला खऱ्या खेळातला चेंडू हातात दिला. कातड्याचा होता, पण दाबल्यावर आतले दाणे तसेच सरकले. मी त्यांना म्हटलं, हे आमच्याकडे आहे. त्यांना वाटलं, मला कळलेलं नाही.

ताईला तेव्हा शाळेत घेत नव्हते. ती एकटी पडू नये म्हणून तुम्ही मलाही तिसरीपर्यंत घरीच ठेवलंत. कारखान्याचा भोंगा झाला की अर्ध्या-पाऊण तासाने तुमची सायकल दारात लागायची. अंगाला ग्रीसचा आणि मळीचा वास असायचा. हातपाय धुऊन तुम्ही आमच्यापुढे बसायचात. फिटर माणसाने शिकवावं तसं शिकवलंत. अपूर्णांक मी फूटपट्टीवर शिकले. इंचाचे आठ भाग, एक भाग म्हणजे एक सूत. "एक सूत चुकनं तर बेरिंग जयी जास," तुम्ही म्हणायचात. आम्ही हसलो की पुस्तकातल्या भाषेत तेच पुन्हा सांगायचात, कारण शिकताना पुस्तकातली भाषा बोलायची आणि भांडताना आपली, असा आपल्या घरचा नियम होता. मी अजून तसंच करते. हे पत्र पुस्तकातल्या भाषेत लिहिते आहे.

मी आठ वर्षांची असतानाचा एक रविवार आहे. मोठे काका आले आहेत आणि ताईशी खेळताहेत. त्यांना खेळण्यापेक्षा चिडवण्यात जास्त गोडी. "हारनी ना व बेटी! आते पाज काकाले चहा." ताईचा शेवटचा चेंडू उरला आहे. पाइप मी धरला आहे. ताई डावीकडे बघते, मी पाइप डावीकडे नेते. ती डोळे मिटते, म्हणजे थांब. आणि तिचे डोळे मिटलेले असताना मी पाइप दोन बोटं उजवीकडे सरकवते, कारण मला दिसतंय की तिचं चुकतंय. चेंडू पांढऱ्याला जाऊन चिकटतो. काका स्वतःच्या तोंडात मारून घेतात, ताई अख्ख्या अंगाने हसते. तुम्ही ओट्याच्या कडेला बसून बिडी पेटवत होता. तुम्ही हसला नाहीत.

काका गेल्यावर तुम्ही मला स्वयंपाकघरात बोलावलंत. माय चुलीत काड्या सारत होती, तिला तुम्ही बाहेर जायला सांगितलं नाही. आवाज चढवला नाही. म्हणालात, "हात तुन्हा शे, पन डोया तिन्हा शे. डाव तिन्हा शे. तू तिन्हा डाव चोरी लिधा." मी म्हटलं, ती हरली असती. तुम्ही म्हणालात, "मंग हारू दे ना. हारानं बी तिन्हंच शे." मग मला तिच्याकडे पाठवलंत, जा आणि खरं सांगून ये म्हणून. परत आल्यावर विचारलंत, "सांगं का?" मी म्हटलं, "हां, सांगं." ताई दोन दिवस माझ्या हातून जेवली नाही. घास तोंडाशी नेला की मान फिरवायची. तुम्ही मला म्हणालात, खरं पचायला वेळ लागतो, थांब. तिसऱ्या दिवशी ती जेवली आणि त्याच संध्याकाळी तुम्ही तुमची छोटी पाणसळ मला दिलीत, ती पितळी टोकांची, हिरव्या पाण्यातला बुडबुडा मधोमध आला की जागा सपाट, असं सांगणारी. खरं सांगणाऱ्याच्या हातात शोभते, म्हणालात. शिवाय नियम केलात की इथून पुढे पाइप धरणाऱ्याने डावाकडे पाठ करून बसायचं. "पाठ करीसन बस. तू फक्त तिन्हं तोंड देख."

आबा, खऱ्या खेळाचा नियम हाच आहे. नियमांचं पुस्तक मला मिळालं तेव्हा मी ते दोनदा वाचलं. ज्या खेळाडूला हाताने चेंडू टाकता येत नाही त्याला रॅम्प, म्हणजे आपला पाइपच, वापरता येतो, रॅम्प धरायला एक मदतनीस असतो, आणि त्या मदतनिसाने सगळा वेळ मैदानाकडे पाठ ठेवायची. मागे वळून बघायचं नाही. खेळाडूने सांगितल्याशिवाय रॅम्प हलवायचा नाही. पंच चेंडूइतकंच आमच्या मानेकडे बघत असतात. मी ते पान तुमच्या फोटोपुढे धरलं होतं. ताई हसली, म्हणाली, "आबानं चोरं यास्नी."

परदेशातल्या स्पर्धेला गेलेला भारताचा संघ म्हणजे आम्ही नऊ जण. चार खेळाडू, चार मदतनीस आणि कोच मॅडम. मॅडम दक्षिणेकडच्या आहेत, हिंदी बोलतात आणि आम्हा दोघी बहिणींना मिळून एकच हाक मारतात, "ए नंदुरबार!" उद्घाटनाला बाकीच्या देशांचे चाळीस-चाळीस, पन्नास-पन्नास जण एकसारख्या कोटात चालले. आमचे कोट आमच्या आधीच्या कोणासाठी तरी शिवलेले होते, माझ्या बाह्या बोटांवर येत होत्या. एका स्वयंसेवकाने मॅडमना विचारलं की तुमचा बाकीचा संघ कुठे आहे. मॅडम म्हणाल्या, "बाकी सब घर पे टीव्ही देख रहे हैं।" आम्ही खूप हसलो. टीव्हीवर ते कुठेच दाखवत नव्हते.

आमच्या मैदानाच्या टोकाला, ताईच्या पाठीमागे, भिंतीवर गुणफलकाचा मोठा पडदा होता. तो पहिल्या दिवसापासून बंद होता. काळी काच. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की त्या काचेत माझ्या मागचं सगळं मैदान दिसतं, उलटं, पण स्पष्ट. मी मॅडमना सांगितलं. त्या बूट घालत होत्या. म्हणाल्या, "तो ऊपर मत देख ना, बेटा।" मला वाटलं पंचांना सांगावं, पण त्या भाषेत कसं सांगायचं आणि सांगितल्यावर ते आमच्यावरच काही बालंट तर आणणार नाहीत, हे मला ठरवता येईना. मग मी फक्त ताईच्या तोंडाकडे बघायचं ठरवलं. तीन सामने मी तिच्या हनुवटीच्या वर डोळे नेले ते फक्त तिच्या डोळ्यांपर्यंत. तेवढं मी पाळलं, हे तुम्हाला सांगून ठेवते.

चौथा सामना कांस्यपदकाचा होता. समोरच्या मुलीची मदतनीस तिची आई होती. ठेंगणी, पांढऱ्या केसांची, सगळा वेळ मान खाली घालून बसायची. शेवटच्या फेरीत गुण बरोबरीत होते. त्यांचे निळे चेंडू संपले होते आणि त्यातला एक पांढऱ्याच्या सगळ्यात जवळ होता. आमचा एक लाल उरला होता. ताई डावीकडे बघते. मी नेते. अजून डावीकडे. नेते. ती डोळे मिटते. आणि मी वर बघितलं. का बघितलं हे मी रोज स्वतःला विचारते. काचेत निळा, पांढरा आणि रॅम्पची रेघ दिसली. रेघ निळ्याच्या अंगावरून जात होती. एक सूत उजवीकडे घेतला तर मधून जागा होती. मी एक सूत घेतला. हाताला कळलंही नाही, इतकं थोडं.

ताईने डोळे उघडले. रॅम्पकडे बघितलं, मग माझ्याकडे. आमचा वेळ संपत आला होता, पंच बोटांनी सेकंद दाखवत होत्या. ताईने कपाळाला पट्ट्याने बांधलेल्या दांडीने चेंडू ढकलला. चेंडू मागे पांढऱ्याला टेकल्याचा आवाजही आला नाही, सरकीसारखा बसला असेल. मग लोक ओरडले. समोरच्या मुलीची आई तेव्हा पहिल्यांदा वळली. तिने मैदान बघितलं, मुलीकडे बघितलं, आणि मग येऊन तिने माझे दोन्ही हात हातात घेतले, माझे आधी, ताईचे नंतर. तिचे हात गरम होते. मला तेव्हा काही वाटलं नाही आणि अजूनही फारसं काही वाटत नाही, आबा. जेवते, झोपते, मायला दळण आणून देते. कोणी अभिनंदन केलं की तोंड आपोआप हसतं.

त्या संध्याकाळी मी ताईच्या कपाळाचा पट्टा सोडत होते. तिने विचारलं, "रॅम्प कोन्ही हालावा?" मी म्हटलं, "सरकी गया, ताई."

आल्यावर शहाद्याला सत्कार झाला. मोठ्या फलकावर ताईचा फोटो होता, त्यात रॅम्प धरलेली माझी दोन बोटं राहिली होती. पाहुण्यांनी शाल घातली आणि नारळ तिच्या मांडीवर ठेवला. तो घरंगळून व्यासपीठावरून थेट पहिल्या रांगेत गेला. मागून कोणीतरी ओरडलं, "देखा, नारय बी टाकी दिना!" सगळं सभागृह हसलं, ताईही हसली. मग पाहुण्यांनी माइक तिच्यापुढे धरला आणि शेवटच्या चेंडूबद्दल चार शब्द बोला म्हणाले.

ताईचं बोलणं बाहेरच्या माणसाला कळत नाही. तुम्हाला कळायचं, मायला कळतं, मला कळतं. म्हणून ती बोलते आणि मी सांगते, लहानपणापासून असंच आहे. किराणा दुकानात, डॉक्टरकडे, पासपोर्टच्या खिडकीवर. त्या दिवसापर्यंत मी तिचा एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. दुकानदाराला तिने काही वाकडं बोललेलं असलं तरी मी तसंच सांगितलं होतं. ती माइकमध्ये हळूहळू, जीव लावून बोलली, प्रत्येक शब्दाला थांबून. "शेवटला चेंडू मन्हा नई." आणि माझ्याकडे बघून थांबली, मी सांगेन म्हणून. मी माइक घेतला. म्हटलं, "ती म्हणते, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार." टाळ्या खूप वेळ वाजल्या. माय बायकांच्या रांगेत मागे बसली होती. घरी येताना रिक्षात तिने विचारलं, "काय बोलनी व ती? माले तं काहीच समजनं नई, तो माइकना भोंगाच घुमी ऱ्हायना व्हता." ताई बाहेर बघत होती. रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. मी म्हटलं, आभार मानले.

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. पाणी. ऊन. कूस. माझ्या हातून जेवते, आता ती लहान नाही आणि मायचे हात थरथरतात. पण माझ्याकडे बघत नाही. डावीकडे, उजवीकडे, थांब, हे सगळं आम्ही डोळ्यांनी बोलत आलो, आणि आता डोळे नाहीत.

काल पदक उतरवून मी तिच्या मांडीवर ठेवलं. माय गोठ्याकडे गेल्यावर ती म्हणाली, "मॅडमले फोन लाव." मी विचारलं, काय सांगायचं. ती म्हणाली, "तुले म्हायत शे." मी म्हटलं, पदक परत जाईल. म्हणाली, "जाऊ दे." मी म्हटलं, नऊ जणांच्या संघात एवढं एकच पदक आहे, ते गेलं तर पुढच्या वेळी आपल्याला पाठवतील की नाही कोण जाणे, बाकीच्या तिघांचं काय, आणि मला तर पुन्हा रॅम्पला हात लावू देणार नाहीत. तू कोणाबरोबर खेळशील? ती म्हणाली, "तुन्हासंगे खेयूच नई ऱ्हायनू व्हतू मी. मी एकलीच खेयी ऱ्हायनू व्हतू, असं माले वाटे." ती एका दमात एवढं क्वचितच बोलते. तिच्या ओठाच्या कडेला आलेली लाळ मी पुसली. तिने पुसू दिली.

मॅडमचा आज सकाळी स्वतःहून फोन आला होता. नव्या मुलांचं शिबिर आहे, शेवटच्या चेंडूचा व्हिडिओ त्यांना दाखवणार आहेत. "ए नंदुरबार, वो आखिरी बॉल पे तू दो मिनट बोलेगी, ठीक है?" मी म्हटलं, पाच वाजता फोन करते. आता साडेचार होत आले आहेत. ताई ओट्यावर खुर्चीत बसली आहे, दाराकडे तोंड करून. तिला स्वतः फोन लावता येत नाही, आणि लावून दिला तरी मॅडमना तिचं बोलणं कळणार नाही. मायला कळेल, पण तिला हिंदी येत नाही. तिचं खरं माझ्या तोंडातूनच जाऊ शकतं. दुसरी वाट नाही. मी तिला असं धरून ठेवलं आहे, हे मला काल रात्रीपर्यंत कळलं नव्हतं.

मघाशी तिने ओट्यावरूनच विचारलं, "काय लिखी ऱ्हायनी?" मी म्हटलं, आबाले कागद. ती म्हणाली, "त्यास्ले काय सांगस, त्यास्ले म्हायत शे." तुम्हाला माहीत नाही, आबा. एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही, आणि हा कागद कुठे जाणार नाही म्हणूनच मी ती लिहू शकते. त्या रविवारी तुम्ही मला स्वयंपाकघरातून ताईकडे पाठवलंत तेव्हा मी तिला खरं सांगितलं नव्हतं. मी ओट्यावर गेले, तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "पाइप सरकी गया, ताई." मग आत येऊन तुम्हाला सांगितलं की सांगितलं. ती दोन दिवस जेवली नाही ती त्यासाठी. तुम्ही थांब म्हणालात, मी थांबले, आणि तिसऱ्या दिवशी तुमच्या हातून ती पाणसळ घेतली. आत्ता ती या कागदावर ठेवली आहे, वाऱ्याने उडू नये म्हणून. बुडबुडा मधोमध नाही. मेज वाकडं आहे की काय ते बघायला मी अजून उठलेले नाही.